कंटेनरमधला टोरंट क्लायंट आणि त्याचा वेब इंटरफेस : नाशिककर काय सेटअप वापरताय?

इंदिरानगर_कट्टा | शनिवार, रात्री ९:१०

मंडळी, होम सर्व्हरवर इथे भरपूर गप्पा होतात पण टोरंटचा विषय निघाला की सगळे विषय बदलतात, म्हणून हा वेगळा धागा काढतोय.

माझं मत आधी सांगतो. टोरंट क्लायंट (टोरंटच्या फाइल्स घेणारा-देणारा प्रोग्रॅम) रोजच्या लॅपटॉपवर ठेवूच नये. घरात एखादं जुनं मशीन असतंच, त्यावर लिनक्स आणि डॉकर (प्रोग्रॅम कंटेनर नावाच्या बंद डब्यात चालवणारी सोय) टाकायचं, आत क्यूबिटटोरंट-नॉक्स (स्क्रीनशिवाय चालणारा टोरंट क्लायंट) चालवायचं आणि सगळं ब्राउझरमधून बघायचं. फोनवरूनही चालतं. मी लिनक्ससर्व्हर डॉट आयओची इमेज (कंटेनरचा तयार साचा) वापरतो, पोर्ट म्हणजे मशीनचे दरवाजे वेबसाठी ८०८०, टोरंटसाठी ६८८१ टीसीपी आणि यूडीपी दोन्ही, टाइमझोन एशिया/कोलकाता, बस्स. सीड काय करतो, म्हणजे इतरांना काय वाटतो? डेबियनचे आयएसओ, लिब्रेऑफिस, किविक्सच्या (नेटशिवाय वाचायच्या) विकिपीडिया फाइल्स आणि इंटरनेट अर्काइव्हवरची जुनी मराठी पुस्तकं. ही पुस्तकं नाशकातल्या मशीनवरून कुणाला तरी मिळावीत ही मनापासून इच्छा आहे.

आणि अडचण तिथेच आहे. डाउनलोड झकास होतं, अपलोड रांगत असतं. बाहेरून एकही कनेक्शन आत येत नाही. राउटरवर पोर्ट फॉरवर्ड केलाय (बाहेरून आलेलं त्या मशीनकडे वळवलंय) तरी नाही. तर प्रश्न असे की नाशकात कुणाला इनकमिंग कनेक्शन मिळतात का, मिळत असतील तर कसे, आणि कंटेनर ब्रिज नेटवर्कवर (डॉकरचं वेगळं) ठेवलाय की होस्टवर (थेट मशीनचं)?

पाथर्डी_फाटा | रात्री ९:१८

वाचनखूण साठवली. येऊ द्या.

जुना_सातपूरकर | रात्री ९:४१

मुळात कंटेनर कशाला हवाय हेच कळलं नाही. डेबियनवर पॅकेज इन्स्टॉल करा, सिस्टमडीची (लिनक्समध्ये प्रोग्रॅम चालू ठेवणारी व्यवस्था) एक सर्व्हिस चालू करा, झालं काम. वेब इंटरफेस तोच, पोर्ट तोच. मध्ये डॉकर आणलं की त्याचं नेटवर्क वेगळं, युजर वेगळा, फोल्डरचे रस्ते वेगळे, आणि मग लोक इथे येऊन विचारतात की परमिशन का मिळत नाही. मी कंपनीत प्रॉडक्शनला कंटेनर चालवतो, विरोध नाही, पण घरी एका प्रोग्रॅमसाठी एवढा पसारा मला पटत नाही.

इंदिरानगर_कट्टा | रात्री ९:५८

@जुना_सातपूरकर, सर, एका प्रोग्रॅमसाठी पटलं नसतं हे मान्य. पण माझं मुख्य कारण सुरक्षिततेचं आहे. क्यूबिटटोरंटमध्ये "डाउनलोड पूर्ण झाल्यावर हा प्रोग्रॅम चालवा" अशी सेटिंग आहे. म्हणजे ज्याच्या हातात वेब इंटरफेस गेला त्याच्या हातात त्या मशीनवर कमांड चालवायची सोय गेली. कंटेनरमध्ये असलं तर त्याला दिसतात ते मी दिलेले दोन फोल्डर, एक कॉन्फिगचा आणि एक डाउनलोडचा. बाकी घरचे फोटो, कागदपत्रं त्याच डिस्कवर असली तरी त्याला ती दिसत नाहीत. दुसरं म्हणजे डेबियन स्टेबलमध्ये जे व्हर्जन येतं तेच पुढे दोन वर्षं राहतं, इथे इमेज बदलली की नवं व्हर्जन, आणि बिघडलं तर जुन्या टॅगवर (आधीच्या व्हर्जनवर) परत.

जुना_सातपूरकर | रात्री १०:०६

फोल्डरचा मुद्दा पटला. सिस्टमडीतही तसं कोंडता येतं, पण कुणी करत नाही हेही खरं.

मखमलाबाद_नाका | रात्री १०:३०

दादा मी नवीन आहे, कालच टाकलं. लॉगिन पेज येतं पण पासवर्ड काही केल्या लागत नाही. सगळीकडे ॲडमिन आणि ॲडमिनॲडमिन लिहिलंय. कंटेनर दोनदा उडवून परत बनवला.

नाशिकरोड_लाईन२ | रात्री १०:३४

ते जुनं झालं रे. क्यूबिटटोरंट ४.६.१ पासून तो ठरलेला पासवर्ड काढून टाकलाय. आता पासवर्ड सेट केलेला नसेल तर दर वेळी सुरू होताना तात्पुरता पासवर्ड बनतो आणि लॉगमध्ये छापला जातो. डॉकर लॉग्ज आणि पुढे कंटेनरचं नाव अशी कमांड दे, त्यात दिसेल. आत गेलास की पहिल्यांदा टूल्स, ऑप्शन्स, वेब यूआय मध्ये जाऊन स्वतःचा पासवर्ड टाक आणि सेव्ह कर, नाहीतर कंटेनर रीस्टार्ट झाला की पुन्हा नवीन. तो कायमचा पासवर्ड काढला हे फार बरं केलं त्यांनी, वरती कट्टावाल्यांनी सांगितलेली ती कमांडवाली सेटिंग आणि जगजाहीर पासवर्ड एकत्र म्हणजे आमंत्रणच होतं.

मखमलाबाद_नाका | रात्री १०:५२

मिळाला!! धन्यवाद. अजून एक, ८०८० वर माझं दुसरं काहीतरी चालू आहे म्हणून बाहेरून ८०९० आणि आत ८०८० असं केलं तर अनऑथोराइज्ड येतंय.

नाशिकरोड_लाईन२ | रात्री १०:५७

दोन्हीकडे ८०९० कर आणि एन्व्हायरन्मेंटमध्ये वेबयूआय पोर्टही ८०९० दे. आलेली रिक्वेस्ट कुठल्या पत्त्यावर आणि पोर्टवर आली ते तो तपासतो, आतबाहेर जुळलं नाही की हाकलतो. टोरंटच्या पोर्टलाही हाच नियम. क्लायंट ट्रॅकरला (फाइल कुणाकुणाकडे आहे ते सांगणारा सर्व्हर) स्वतःचा आतला पोर्ट कळवतो, बाहेरचा वेगळा असेल तर जग चुकीच्या दारावर येणार.

गंगापूररोड_नेटवर्क | रविवार, सकाळी ७:४५

मूळ प्रश्नावर येतो. माझं कामच नेटवर्किंगचं आहे त्यामुळे जरा लांब लिहितोय.

आधी राउटरच्या पेजवर जाऊन वॅन आयपी (इंटरनेटच्या बाजूचा पत्ता) बघा. तो १००.६४ ते १००.१२७ मध्ये सुरू होत असेल तर तुम्ही सीजीनॅटच्या, म्हणजे प्रोव्हायडरच्या नॅटच्या (एक पत्ता अनेकांत वाटणारी यंत्रणा), मागे आहात. ही रेंज २०१२ साली खास याच कामासाठी राखून ठेवली गेली. आयपीव्ही४ चे पत्ते संपले म्हणून कंपनी एकच पब्लिक पत्ता अनेक घरांना वाटून देते. सोसायटीच्या गेटवर एकच फोन असावा आणि वॉचमनला कुठल्या फ्लॅटला जोडायचं ते माहीत नसावं, तशी गत. तुम्ही आतून बाहेर फोन लावू शकता, बाहेरून आलेला तुमच्यापर्यंत पोचत नाही. राउटरवर कितीही पोर्ट फॉरवर्ड करा, त्याच्या वर अजून एक नॅट बसलाय ज्यावर तुमचा ताबा नाही. यूपीएनपी (राउटरवर आपोआप पोर्ट उघडणारी सोय) चालू करूनही काही होत नाही.

म्हणजे सीडिंग बंद असं मात्र नाही. ज्यांचा पोर्ट उघडा आहे त्यांच्याशी तुमचा क्लायंट स्वतःहून जोडतो आणि त्यांना देतो. अडतं ते दोन्हीकडे सीजीनॅट असलं की. म्हणून डेबियनसारख्या गजबजलेल्या टोरंटवर थोडंफार अपलोड होतं आणि ज्या मराठी पुस्तकाला जगात दोन सीडर आहेत आणि मागणारा पुण्यातला सीजीनॅटवाला आहे, तिथे तुम्ही दोघं एकमेकांसमोर बसूनही भेटत नाही.

यातून मार्ग दोन. स्टॅटिक आयपी (स्वतःचा कायमचा पत्ता) विकत घ्या, बहुतेक लोकल प्रोव्हायडर जादा पैसे घेऊन देतात. नाहीतर आयपीव्ही६ (नवी पत्तापद्धत, पुढे नुसतं व्ही६; जुनी ती व्ही४) वापरा. फायबरवर आता अनेकांना व्ही६ मिळतं आणि तिथे नॅटच नाही, प्रत्येक मशीनला स्वतःचा पत्ता. इथेच कंटेनर आडवा येतो. डॉकरचं नेहमीचं ब्रिज नेटवर्क फक्त व्ही४ देतं. मशीनला व्ही६ आहे, कंटेनरला नाही, आणि माणूस प्रोव्हायडरला शिव्या घालतो. कंटेनर होस्ट नेटवर्कवर टाका, क्लायंटला मशीनचाच व्ही६ पत्ता मिळेल. मग राउटरच्या व्ही६ फायरवॉलमध्ये त्या मशीनसाठी फक्त ६८८१ उघडा.

इंदिरानगर_कट्टा | सकाळी ८:२०

जबरदस्त. वॅन आयपी बघितला, १००.७० च्या पुढचा काहीतरी आहे, म्हणजे सीजीनॅटच. आणि मशीनवर व्ही६ आहे, कंटेनरमध्ये जाऊन बघितलं तर खरंच नाही!

पंचवटी_सर्व्हर | सकाळी ८:५५

@गंगापूररोड_नेटवर्क, ९९ टक्के सहमत पण होस्ट नेटवर्कचा सल्ला नवीन माणसाला देऊ नका प्लीज. होस्टवर पोर्ट मॅपिंग लागूच होत नाही, वेब इंटरफेस सगळ्या पत्त्यांवर ऐकायला लागतो, व्ही६ वरसुद्धा. काही राउटरमध्ये व्ही६ फायरवॉल ऑन-ऑफ एवढंच बटण असतं, एक पोर्ट वेगळा उघडायची सोय नसते. माणूस वैतागून ऑफ करणार आणि त्याचं लॉगिन पेज जगाला दिसणार.

त्यापेक्षा डॉकर २७ किंवा पुढचं व्हर्जन असेल तर कंपोझ फाइलमध्ये (कंटेनरच्या सेटिंग्जची फाइल) स्वतःचं नेटवर्क बनवा आणि त्यात एनेबल आयपीव्ही६ ट्रू करा. पत्त्यांची रेंज ते स्वतः निवडतं. मग ६८८१ सगळीकडे पब्लिश (बाहेरून उघडा) आणि ८०८० फक्त घरच्या पत्त्यावर. कंटेनर कोंडलेला राहतो आणि व्ही६ पण मिळतं.

गंगापूररोड_नेटवर्क | सकाळी ९:१०

व्ही६ वर पुन्हा नॅट लावायचा म्हणजे माझ्या जिवावर येतं, पण घरच्या वापरासाठी तुमचा मार्ग जास्त सुरक्षित आहे, मान्य. होस्टवर ठेवणाऱ्यांनी निदान वेब यूआयच्या सेटिंगमध्ये आयपी ॲड्रेसच्या जागी चांदणी (*) असते ती काढून मशीनचा घरचा १९२.१६८ वाला पत्ता टाकावा.

द्वारका_सर्कल | सकाळी ९:३२

मी तर यूएफडब्ल्यूमध्ये (लिनक्सचा फायरवॉल) ८०८० डिनाय केलाय, मला काय फरक पडतो?

पंचवटी_सर्व्हर | सकाळी ९:३९

पडतो! डॉकर स्वतःचे नियम थेट आयपीटेबल्समध्ये (लिनक्सच्या मूळ फायरवॉल नियमांत) टाकतं आणि पब्लिश केलेल्या पोर्टचं ट्रॅफिक यूएफडब्ल्यूच्या नियमांपर्यंत पोचतच नाही. यूएफडब्ल्यू स्टेटस डिनाय दाखवणार आणि पोर्ट उघडा असणार. शेजारच्या फोनवरून उघडून बघा. इलाज सोपा आहे, कंपोझमध्ये ८०८०:८०८० च्या आधी १२७.०.०.१: लिहा म्हणजे फक्त त्याच मशीनवरून उघडेल, किंवा घरचा पत्ता लिहा म्हणजे घरातून उघडेल. बाहेरून लागत असेल तर टेलस्केल किंवा वायरगार्ड या व्हीपीएनवरून आत या. टेलस्केलचे पत्तेही १०० नेच सुरू होतात, त्यावरून सीजीनॅट आहे असा निष्कर्ष काढू नका, वॅन आयपी राउटरवरच बघायचा.

अजून एक, ऑप्शन्समध्ये "लोकलहोस्टवरून आल्यास पासवर्ड नको" आणि "या सबनेटला (पत्त्यांच्या गटाला) पासवर्ड नको" असे दोन पर्याय आहेत. पुढे रिव्हर्स प्रॉक्सी (रिक्वेस्ट आत पोचवणारा मधला सर्व्हर) असेल तर येणारा प्रत्येक माणूस त्या प्रॉक्सीच्याच पत्त्यावरून आल्यासारखा दिसतो. १७२ वाली डॉकरची रेंज तिथे टाकून ठेवली की पासवर्ड असून नसल्यासारखा.

द्वारका_सर्कल | सकाळी ९:५०

बघितलं. बायकोच्या फोनवरून उघडलं. आता बंद केलं. आभारी आहे.

कॉलेजरोड_२२ | सकाळी १०:१५

एवढं सगळं करून शेवटी पिक्चरच डाउनलोड करणार ना लोक 😀

इंदिरानगर_कट्टा | सकाळी १०:२४

नाही हो, आणि या धाग्यावर तो विषय नकोच. टोरंट ही फाइल वाटायची पद्धत आहे, २००१ साली ब्रॅम कोहेनने काढलेली. डेबियन स्वतः आपले आयएसओ टोरंटवर देतं, इंटरनेट अर्काइव्ह आपल्या आयटमबरोबर टोरंट फाइल देतं. दुसऱ्याचा हक्क असलेली गोष्ट परवानगीशिवाय वाटली तर गुन्हा, हे टोरंटला लागू आहे तसं पेन ड्राइव्हलाही लागू आहे.

देवळाली_निवृत्त | सकाळी ११:०२

नमस्कार. मी निवृत्त शिक्षक, तांत्रिक भाग निम्मा समजला. मुलाने मला कंटेनर लावून दिला आहे आणि वेब पेज मी चालवतो. माझ्याकडे वडिलांच्या संग्रहातली जुनी मराठी पुस्तकं आहेत, काही मी स्कॅन केली आहेत. आपल्या नाशकात १८४० पासून सार्वजनिक वाचनालय आहे, त्या गावात राहून पुस्तकं कपाटात कुजू देणं बरं वाटत नाही. ही अशी वाटता येतील का? कायदा काय म्हणतो?

गोदाकाठ_वकिली | सकाळी ११:४०

सर, कॉपीराइट ॲक्ट १९५७ प्रमाणे लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूच्या पुढच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षं हक्क राहतो. हरी नारायण आपटे १९१९ ला गेले, साने गुरुजी १९५० ला, त्यांचं लेखन आता सगळ्यांचं आहे. पण जरा जपून. नंतरच्या आवृत्तीला दुसऱ्या कुणाची प्रस्तावना असेल, टिपा असतील, चित्रं असतील तर त्यांचा हक्क त्या त्या माणसाचा आणि वेगळा मोजायचा. अनुवाद असेल तर अनुवादकाची तारीख बघा. शंका असेल तर जुनी आवृत्ती स्कॅन करा, तेवढाच भाग द्या.

इंदिरानगर_कट्टा | सकाळी ११:५५

सर, तुमची पुस्तकं ऐकून फार आनंद झाला. पद्धत अशी सुचवतो की आधी इंटरनेट अर्काइव्हवर चढवा, टोरंट ते बनवतात आणि त्यांचे सर्व्हर वेब सीड म्हणून मागे उभे असतात, म्हणजे तुमचं मशीन बंद असलं तरी फाइल मिळते. मग तोच टोरंट आम्ही सगळे आपापल्या कंटेनरमध्ये टाकू. फक्त स्कॅन, नाव, लेखक, वर्ष सगळं पक्कं झाल्यावर टोरंट वाटा. आयटममधली फाइल बदलली की टोरंट नव्याने बनतो, जुना घेतलेले लोक वेगळ्या झुंडीत (एकच टोरंट वाटणाऱ्यांच्या गटात) राहतात.

जुना_सातपूरकर | दुपारी १२:१०

सर, माझंही मशीन धरा. २४ तास चालू असतं.

म्हसरूळ_पाय | दुपारी १:२५

मी रास्पबेरी पाय ४ (छोटा कॉम्प्युटर) वर ट्रान्समिशन (दुसरा टोरंट क्लायंट) वापरतो, वेब ९०९१, टोरंट ५१४१३. मेमरी कमी खातं म्हणून. क्यूबिटटोरंट टाकून बघितलं तर मेमरी फुगलेली दिसायची.

गंगापूररोड_नेटवर्क | दुपारी १:४०

ती लिबटोरंट २ ची (क्यूबिटटोरंटच्या आतलं इंजिन) पद्धत आहे, फाइल्स थेट मेमरीत मॅप करतं म्हणून आकडा मोठा दिसतो, गरज पडली की कर्नल ती जागा परत घेतं. पायवर त्रास वाटत असेल तर लिनक्ससर्व्हरच्या इमेजला लिबटोरंटव्ही१ असा वेगळा टॅग आहे, तो लावून बघा.

म्हसरूळ_पाय | दुपारी १:५८

बघतो. माझा खरा वैताग लाइट गेल्यावरचा आहे. लाइट आली की पाय आधी उठतो, यूएसबी डिस्क उशिरा जागी होते. तोवर कंटेनर सुरू झालेला असतो, डॉकर त्या जागी रिकामा फोल्डर बनवून टाकतं आणि क्लायंट म्हणतो फाइल्स गायब, परत डाउनलोड करू लागतो ते थेट एसडी कार्डावर. कार्ड भरलं की पाय आडवा.

पंचवटी_सर्व्हर | दुपारी २:२०

दोन गोष्टी करा. डिस्क काढलेली असताना, म्हणजे अनमाउंट करून, रिकाम्या माउंट फोल्डरवर चॅटर प्लस आय (chattr +i, फोल्डर कुलूपबंद करायची कमांड) करा. मग डिस्क लागलेली नसताना रूटलासुद्धा तिथे काही लिहिता येत नाही, डिस्क लागली की नेहमीसारखं चालतं. आणि कंपोझमध्ये व्हॉल्यूम लांब पद्धतीने लिहा, टाइप बाइंड, त्याखाली क्रिएट होस्ट पाथ फॉल्स. फोल्डर डिस्कच्या आतला द्या, माउंटचाच नको. डिस्क नसेल तर तो फोल्डर नसेल, आणि कंटेनर सुरूच होणार नाही. चुकीच्या जागी सुरू होण्यापेक्षा बंद राहिलेला बरा.

डिस्कचं फॉरमॅट काय आहे?

म्हसरूळ_पाय | दुपारी २:२६

एनटीएफएस. आधी विंडोजला होती.

पंचवटी_सर्व्हर | दुपारी २:३८

तिथेही घोळ. त्यावर चाऊन (chown, मालक बदलायची कमांड) करून मालक बदलत नाही, पीयूआयडी (कंटेनर कुठला युजर म्हणून चालेल तो नंबर) कितीही बदला. मालक ठरतो माउंट करताना, एफएसटॅबमध्ये (डिस्क कशा जोडायच्या ते लिहिलेली फाइल) यूआयडी जीआयडी (युजर आणि ग्रुपचे नंबर) देऊन. जमलं तर डेटा हलवून ईएक्सटी४ करा, लाइट जाण्याच्या बाबतीतही ते बरंच सोसतं.

सिडको_उत्तमनगर | दुपारी ३:०५

लाइटचा विषय निघालाच आहे तर बिलाचं सांगा. घरचे विचारतात हे मशीन रात्रभर कशाला चालू.

जुना_सातपूरकर | दुपारी ३:१७

जुना लॅपटॉप स्क्रीन बंद ठेवून २० वॅट धरा, २४ तास, ३० दिवस म्हणजे १४.४ युनिट महिन्याला. रास्पबेरी पायला ४ वॅट धरले तर ३ युनिटच्या आत, डिस्कचं वेगळं. डेस्कटॉप ६० वॅट खात असेल तर ४३ युनिट, ते मात्र घरच्यांना खटकणारच. आणि लॅपटॉपची बॅटरी जरा बरी असेल तर तोच यूपीएस.

कॉलेजरोड_२२ | दुपारी ३:४०

एकदा सगळे भेटूया का? मिसळ खाऊ, देवळालीच्या सरांची पुस्तकंही बघू.

देवळाली_निवृत्त | दुपारी ४:०५

अवश्य या. मिसळ घरची, पापड आणि दही माझ्याकडून.

आडगाव_नाका | संध्याकाळी ६:१२

अवांतरात मूळ विषय राहिला. माझ्याकडे व्ही६ वर इनकमिंग येतंय, ब्रिज नेटवर्क, पंचवटीकरांनी सांगितलं तसंच. खात्री अशी करायची की पीअर्सच्या (जोडलेल्या मशीनच्या) यादीत फ्लॅग्सचा कॉलम असतो, त्यात आय (I) अक्षर दिसलं की तो पीअर बाहेरून आत आलाय. व्ही६ उघडल्यापासून ज्या टोरंटला कुणी विचारत नव्हतं तिथेही अपलोड दिसायला लागलं. एक भानगड आहे, प्रोव्हायडर मधूनमधून पत्त्याचा पुढचा भाग बदलतो. राउटरमध्ये पूर्ण पत्ता लिहून नियम केला असेल तर तो त्या दिवशी मेला. मशीन निवडून नियम करता येत असेल तर तसा करा.

इंदिरानगर_कट्टा | रात्री ८:४८

नेटवर्कमध्ये व्ही६ चालू केलं, डॉकर आधी २७ च्या पुढे नेलं. राउटरमध्ये मशीन निवडून नियम झाला. आपट्यांच्या एका पुस्तकाच्या टोरंटवर आत्ता आय दिसतोय, व्ही६ चाच पत्ता आहे. @आडगाव_नाका @पंचवटी_सर्व्हर @गंगापूररोड_नेटवर्क मनापासून आभार.

आता एकच राहिलं. कंटेनर थांबवून परत सुरू केला की कधीकधी मोठे टोरंट पहिल्यापासून तपासत बसतो, किविक्सची मोठी फाइल असेल तर तासन्‌तास. याला काय करायचं?

नाशिकरोड_लाईन२ | रात्री ९:०३

डॉकर स्टॉप म्हटलं की १० सेकंद वाट बघतो आणि मग सरळ मारतो. तेवढ्यात क्लायंटचं कुठवर आलंय ते लिहून झालं नाही तर पुढच्या वेळी तपासणी. कंपोझमध्ये स्टॉप ग्रेस पिरियड टाका, दोन मिनिटं द्या. आणि कॉन्फिगचा फोल्डर हळू डिस्कवर असेल तर तो एसएसडीवर न्या, डाउनलोड राहू दे मोठ्या डिस्कवर.

मखमलाबाद_नाका | रात्री ९:२०

दादा, ही स्टॉप ग्रेस पिरियडची ओळ सर्व्हिसच्या खाली द्यायची की सगळ्यात वर?

नाशिकरोड_लाईन२ | रात्री ९:२२

सर्व्हिसच्या खाली, इमेज आणि रीस्टार्ट ज्या रांगेत आहेत त्याच रांगेत. टॅब नको, स्पेस दे.